शिट्टी कुठून येते

मास्तरांना मी तोंडावरून ओळखलं नाही, हातावरून ओळखलं.

बर्फावरच्या तळावरची ती पहिली बैठक. माणसं बारा आणि जेवायची खोली आठ जणांची. सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसलेले आणि सगळे एकदम बोलत होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी "शांत, शांत!" म्हणत उजवा हात वर केला. चार बोटं चिकटलेली, अंगठा तळहातात दुमडून घेतलेला. माझ्या हातातला चहा पँटवर सांडला.

असा हात उगारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. सातवीत असताना तोच हात माझ्या डाव्या कानावर बसला होता. त्या दिवसापासून तो कान गेला तो गेलाच. आज मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, म्हणजे करा हिशोब.

मी शिकलेला माणूस नाही. आठवीत शाळा सोडली आणि बोअरच्या गाडीवर लागलो. भोकं पाडणं हाच माझा धंदा. पाण्यासाठी पाडली, खाणींसाठी पाडली, आणि हाताला गुण आहे म्हणून शेवटी थेट ध्रुवावर बर्फाला भोक पाडायला नेलं. तळावर मला सगळे मिस्त्री म्हणायचे. डोकं लवकर फिरतं माझं, ते मी नाकारत नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर लक्ष ठेवायचं. बरोबर बोलते ती.

माझा कान गेलाय हे तळावर कुणालाच ठाऊक नव्हतं. निवडीच्या वेळी तपासणी झाली, तेव्हा हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसवलं होतं. आवाज आला की हात वर करायचा. डाव्या कानाची पाळी आली, तेव्हा मी समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत तपासणाऱ्याचं बोट बघत बसलो. बोट दाबलं की माझा हात वर. पास! एवढी हुशारी शाळेत दाखवली असती तर कुठच्या कुठे गेलो असतो.

आता मास्तर. शाळांमधल्या शिक्षकांतून दरवर्षी एकाला या मोहिमेसोबत नेतात. मास्तरांनी सहा वेळा अर्ज केला होता, सातव्यांदा निवड झाली. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांचं काम साधं होतं. तळापासून सरळ रेषेत अठरा काठ्या बर्फात रोवल्या होत्या, दोन काठ्यांमध्ये शंभर पावलं. त्यांची भोकं मीच पाडली होती. रोज अकराला जायचं, कोणत्या काठीपाशी किती बर्फ साठला ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मग आठवड्यातून दोनदा पडद्यावरून त्यांच्या शाळेतल्या मुलांना ते आकडे सांगायचे आणि मुलं तिकडे आलेख काढायची.

आणि काय सांगू, सगळ्यांना मास्तर आवडायचे! पडद्यावर मुलांना हसवायचे. भांडी घासायची पाळी नसतानाही घासायचे. पहिल्यांदा बर्फ नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेला बघितला, तेव्हा सगळ्यांसमोर रडले होते म्हणे. आमच्या मोहिमेच्या प्रमुख बाई, त्यांना आम्ही ताई म्हणायचो, एकदा मला म्हणाल्या, "असे शिक्षक मिळायला नशीब लागतं, मिस्त्री." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नुसतं हूं केलं आणि पाना उचलून बाहेर पडलो.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. "मिस्त्री, तुमच्या यंत्राबद्दल मुलांना सांगाल का?" असं अगदी अहो-जाहो करून विचारायचे. जेवताना नेमके माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायचे आणि बोलत राहायचे. मला अर्धं कळायचं नाही. मी तोंड फिरवून खात राहायचो. त्यांना वाटायचं, माणूस घुमा आहे.

मला त्यांना मारायचं होतं. आडपडदा कशाला ठेवू? एकच थोबाडीत, डाव्या कानावर, सगळी ताकद लावून. आणि त्याआधी त्यांनी म्हणायला हवं होतं, "हो, तूच तो. आठवलं." एवढंच मागणं होतं माझं. पण तळाचा नियम कडक. हात उगारला की पुढच्या विमानाने परत, आणि या कामातून नाव कायमचं बाद. म्हणून एकोणीस दिवस मी दात-ओठ खात गप्प राहिलो.

विसाव्या दिवशी बर्फानेच घोळ घातला.

आमचं ड्रिल सहाशे मीटरच्या खाली गेलं होतं. ड्रिलच्या पोकळ नळीतून बर्फाची लांबलचक कांडी वर येते, माणसाच्या उंचीहून मोठी. खालचा बर्फ हजारो वर्षं दाबाखाली राहिलेला. वर आला की त्याचा दाब सुटतो आणि तो तडकायला बघतो. म्हणून आमची पद्धत अशी, की कांडी वर आली की तंबूत कुणी मोठ्याने बोलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही. कांडी हळूच आडवी करायची, कापडाखाली झाकायची आणि तिला महिनोन्महिने पडून राहू द्यायचं. तान्हं मूल झोपलेलं असावं तसं सगळं चालायचं. मला आवडायचं ते.

त्या दिवशी तंबूत आम्ही चौघं होतो. मी, ताई, चष्मा लावणारी एक तरुण संशोधक मुलगी आणि मुलांसाठी चित्रण करायला आलेले मास्तर. कांडी टेबलावर आली. मुलीच्या हातमोज्यातून करवत निसटली आणि टेबलावर आदळली. ठण्ण! पुढच्या क्षणी कांडी फुटली. फुटली म्हणजे बंदुकीची गोळी सुटावी तशी. काचेसारखे तुकडे तंबूभर उडाले. मुलीच्या गालावर चांगली बोटभर चीर पडली आणि रक्त हनुवटीवरून ठिबकायला लागलं.

"अक्कल आहे का, गधडे!" मास्तर ओरडले, आणि त्यांचा हात वर गेला. चार बोटं चिकटलेली, अंगठा आत.

रक्त येत होतं त्या पोरीच्या गालावरून, आणि हा माणूस तिच्यावर हात उगारतोय! मग मला काही दिसलंच नाही. मी तो हात मनगटात पकडला, पिरगाळला आणि मास्तरांना तंबूच्या खांबावर आपटलं. खांब हलला, वरून हिम कोसळलं. त्यांनी सुटायचा प्रयत्न केला, गुडघ्याने माझ्या पोटात मारलं. म्हातारा अंगाने काटक होता. मी त्यांच्या नाकावर बुक्की मारली. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं.

"ओळखलंस का मला?" मी ओरडलो. "सातवी ब! खिडकीजवळचा बाक! डावा कान फोडलास माझा!"

मास्तर नाकातलं रक्त गिळत माझ्याकडे बघत राहिले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, ते मला दिसत होतं. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं शिकवतोय मी. मारलं असेल. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

मी दुसरी बुक्की मारली. तिसरीही मारली असती, पण ताईंनी मागून माझ्या गळ्यात हात घालून मला खाली पाडलं. जमिनीवर सगळीकडे बर्फाचे तुकडे, त्यावर दोघांचं रक्त. मी तसाच पडून ढसाढसा रडलो, लाज वाटून नाही, संतापाने. मी जे पस्तीस वर्षं उराशी धरून बसलो होतो, ते त्या माणसाच्या लक्षातही नव्हतं.

काय झालं होतं त्या वर्गात, तेही सांगून टाकतो. मास्तर तेव्हा नवीन होते, तेवीस-चोवीसचे असतील. ध्वनीचा धडा चालू होता. आदल्या आठवड्यात त्यांनी मला पुढे बोलावून डोळ्यांवर रुमाल बांधला होता आणि वर्गात इथे-तिथे उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. टाळी कुठून आली ते मी बोट करून दाखवायचं. प्रत्येक वेळी बरोबर दाखवलं मी. "बघा," ते म्हणाले, "निसर्गाने दोन कान कशाला दिलेत? आवाज कुठून येतो ते कळावं म्हणून. शाब्बास रे!" घरी जाऊन आईला दहा वेळा सांगितलं मी ते शाब्बास.

आणि मग आठवड्याने टेबलावरचा थर्मामीटर खाली पडून फुटला. पारा फरशीभर पळाला. मास्तर गर्रकन वळले. मी उभा राहून एक वाक्य बोललो आणि पुढच्या क्षणाला कानात जाळ पेटला. दुसऱ्या दिवशी उशी रक्ताने चिकटली होती. बाप म्हणाला, तूच काहीतरी केलं असशील. आई एकटीच मला घेऊन दवाखान्यात गेली. तोवर उशीर झाला होता.

असो. ताईंनी आम्हा दोघांनाही जबाब लिहून द्यायला सांगितलं. विमान आलं की निकाल. मास्तरांच्या नाकात डॉक्टरांनी कापूस कोंबला. मी यंत्राच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर वादळाची सूचना लागली. कुणी बाहेर पडायचं नाही. तळावर आम्ही पाचच जण उरलो होतो, बाकीचे सात गाडी घेऊन लांबच्या छावणीवर गेले होते. अकराला मास्तर वही, पेन्सिल आणि गळ्यात शिट्टी घालून काठ्या मोजायला निघून गेले. कुणाला सांगितलं नाही. का गेले? एकही दिवस चुकवला नाही म्हणून चुकवायचा नव्हता, की कालच्या नंतर आमच्यात बसवत नव्हतं, देव जाणे. बारा वाजता ताईंना त्यांची जागा रिकामी दिसली. तोवर खिडकीबाहेर काही उरलं नव्हतं. जमीन नाही, आभाळ नाही, नुसतं पांढरं आणि वाऱ्याचा आवाज.

तळावर सगळ्यांना पहिल्या दिवशी पढवलेलं असतं. हरवलात तर हलू नका. आहात तिथे बसा आणि शिट्टी मारत राहा. शोधायला येणारा आवाजावर येईल.

शोधायला जाणार कोण? मुलीच्या गालाला टाके. डॉक्टर साठीचे. ताई बिनतारी यंत्र सोडू शकत नव्हत्या. उरलो मी. ताईंनी माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक दाराजवळच्या खांबाला. गाठ आवळताना माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "घेऊनच या त्यांना, मिस्त्री. कळतंय ना मी काय म्हणतेय?"

कळत होतं. ते मेले तर मीच मारले असं सगळे म्हणणार. काल नाक फोडलं, आज सोडून आला. आणि मला पण ते जिवंतच हवे होते. मेलेला माणूस काय आठवणार?

बाहेर पडलो आणि वाऱ्याने मला पहिल्याच दणक्यात आडवा केला. उठलो की पाडायचा, उठलो की पाडायचा. बर्फाचे कण चष्म्यावर वाळू मारल्यासारखे आपटत होते. पहिली काठी हाताला लागली, दुसरी लागली, तिसरी लागलीच नाही. तिथे थांबलो आणि ऐकलं. शिट्टी! स्पष्ट ऐकू आली. तीन वेळा, मग थोडं थांबून पुन्हा तीन वेळा.

"आलो!" असं ओरडून मी उजवीकडे निघालो. पन्नास पावलं गेलो. शिट्टी तेवढीच, उजवीकडेच. अजून उजवीकडे गेलो. दोर ताणला. शिट्टी अजून उजवीकडेच. वळून तोंड फिरवलं. शिट्टी परत उजवीकडे!

तेव्हा मला कळलं. एका कानाच्या माणसाला सगळं जग उजवीकडेच असतं. घरी, कामावर मी ते डोळ्यांनी भागवतो. कुणी हाक मारली की चारी बाजूंना बघतो, हलणारं तोंड शोधतो. इथे डोळ्यांना काहीच नव्हतं. मास्तर नियमाप्रमाणे बसून शिट्टी मारत होते आणि त्यांना शोधायला आलेला माणूस ऐकू येत असूनही शोधू शकत नव्हता. त्यांच्याच थपडेमुळे! मी खदाखदा हसलो तिथे. वेडच लागलं असतं मला.

परत जाऊन सांगायचं तरी काय? शिट्टी ऐकू आली, पण कुठून ते कळलं नाही? कोण विश्वास ठेवणार? सांगायला गेलो असतो तरी तोवर मास्तर गोठले असते.

मग तो रुमाल आठवला. डोळ्यांवर बांधलेला, टाळ्या वाजवणारे तरुण मास्तर. दोन कान कशाला? अरे, दोन कान आहेत ना त्यांना! मला ते सापडणार नाहीत, पण मी त्यांना सापडू शकतो. फक्त मी एका जागी उभं राहायला हवं आणि त्यांनी हलायला हवं. नियमाच्या अगदी उलट.

दोराला दुसऱ्या काठीचा वळसा पडला होता, तो धरून मी मागे आलो, काठीला मिठी मारली आणि ओरडायला लागलो. "सर! इकडे या! आवाजावर या!" शिट्टी थांबली नाही. नियम पाळणारा माणूस तो, बसूनच राहणार. "हलू नका" म्हटलंय ना! माझं टाळकं सरकलं.

"ऊठ रे गाढवा!" मी बोंबललो. "ऊठ! बसलायस काय दगडासारखा? वर्गात ये! हरामखोरा, मला डावा कान नाही, मला नाही सापडणार तू, तू ये! पाय आहेत ना? बाकावर उभा राहा! अंगठे धर! हात पुढे कर! नालायका, कसाया, पोरांच्या कानशिलांचा तुला काय सोस होता रे? ये, इकडे ये, मला मारायचंय तुला!"

मास्तरांनी वर्गात जे जे म्हटलं होतं ते सगळं मी परत केलं. त्यांचं संपलं तेव्हा बोअरच्या गाडीवर शिकलेलं सुरू केलं, ते इथे लिहिता येत नाही. बापाचंही त्यांच्यावरच काढलं. वीस मिनिटं, अर्धा तास, माहीत नाही. घसा फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मध्येच शिट्टी बंद झाली. मेले! तरी ओरडत राहिलो. आता शिव्या देत होतो की हाका मारत होतो, मलाच कळत नव्हतं.

आणि माझा घोटा कुणीतरी पकडला.

ते रांगत आले होते. भुवया, कापूस भरलेलं नाक, सगळं गोठलेलं. शिट्टी धातूची, ती खालच्या ओठाला चिकटली होती आणि ओढून काढताना ओठाचं कातडं तिच्याबरोबर निघालं होतं. उजव्या हातात मोजा नव्हता. आकडे लिहायला काढला होता, मोजा घालून अक्षर नीट येत नाही म्हणून! वाऱ्याने मोजा नेला. बोटं पांढरीफटक, मेणासारखी.

मी त्यांना काठीला टेकवून बसवलं आणि थोबाडीत मारली. एकच. डाव्या कानावर, पस्तीस वर्षं सांभाळून ठेवलेली. नंतर ताईंना सांगितलं, की त्यांना झोप येत होती, जागं ठेवायला मारली. खोटं बोललो. मला मारायचंच होतं. आणि मास्तरांनी काय केलं? दोन्ही हात कानांवर घेतले, मान खांद्यात घातली आणि डोळे गच्च मिटले. आम्ही पोरं करायचो ना, अगदी तसं. मला काही बरंबिरं वाटलं नाही.

दोर धरून त्यांना ओढत आणलं. दार ताईंनी उघडलं. "कसं शोधलंत?" त्यांनी विचारलं. "मी नाही शोधलं," मी म्हटलं, "त्यांनी मला शोधलं." त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा सगळं सांगावं लागलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि म्हणाले, "पडदाच नाहीये." ताईंनी माझे तपासणीचे कागद काढून पुढ्यात ठेवले. मग म्हणाल्या, "तुम्ही हे लपवलंत. शोधायला कुणाला पाठवायचं ते मी तुमच्या कागदांवर विश्वास ठेवून ठरवलं. माणूस मेला असता, मिस्त्री." खरंच मेला असता. माझं नाव बाद झालं ते त्याच वेळी, मारामारीपर्यंत जायची गरजच पडली नाही.

वादळानंतर विमानाला यायला दोन आठवडे लागले. अकराव्या दिवशी मास्तरांची दोन बोटं काळी पडून चिघळली, वास यायला लागला. विष वर चढायच्या आत ती काढायलाच हवी होती. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि मला म्हणाले, हात घट्ट धरून ठेवा, जरा हलता कामा नये. मी धरला. उजवा हात, मनगटापाशी. हाड कापल्याचा आवाज मला एका कानानेसुद्धा पुरेसा ऐकू आला. मास्तर छताकडे बघत होते. मी त्या हाताकडे बघत होतो, आणि देवाशपथ सांगतो, मला एवढंच वाटत होतं की लवकर संपू दे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सूप घेऊन गेलो. खाटेजवळ स्टूल होतं, पण त्यावर बसलं की माझा डावा कान त्यांच्याकडे व्हायचा. त्यावर बसलो तर मास्तर म्हणाले, "थांब. इकडे ये, इकडून. तुला नीट ऐकू येईल असा बस." आता अहो-जाहो संपलं होतं. मी स्टूल उचलून फिरवलं.

"शिव्या ऐकल्या मी तुझ्या सगळ्या," ते म्हणाले. ओठ सुजल्यामुळे शब्द फुटत नव्हते. "एकाच जागेवरून येत होत्या. त्यातच 'डावा कान नाही' ऐकलं, तेव्हा कळलं, याला मी सापडणार नाही. मग उठलो."

"आठवलो का मी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. "खोटं बोललो तर तुला बरं वाटेल. पण नाही आठवत. किती रात्री प्रयत्न केला. माझा मुलगा दहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. त्यालाही किती मारलं ते मला आठवत नाही. त्याला सगळं आठवतं." मग उशीखालून एक कागद काढला. ताईंना द्यायचा जबाब. डाव्या हाताने लिहिलेला, पहिलीतल्या पोरासारखी मोठमोठी वाकडी अक्षरं. 'या माणसाचा कान मी फोडला. मला आठवत नाही. पण मी मारत होतो, तेव्हा मीच फोडला.'

मी कागद वाचून परत दिला. माफ केलं का म्हणाल, तर नाही. अजूनही नाही. पण त्या दिवशी ते म्हणाले, "मला आठवत नाही, तर तू सांग. पहिल्यापासून सांग," तेव्हा मी सांगायला बसलो. खिडकीजवळचा बाक, ध्वनीचा धडा, रुमाल, शाब्बास. मग फुटलेला थर्मामीटर, पारा, कानातला जाळ, उशी, आई. कान टवकारून ऐकत होते. सूप गार होऊन गेलं.

सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तो थर्मामीटर? फोडला कुणी होता?"

"तुम्ही, सर. फळ्याकडे वळताना तुमचं कोपर लागलं."

मास्तरांनी उशीवरून मान उचलली. मग जुन्या सवयीने त्यांच्या कपाळावर आठी चढली. "मग तेव्हाच सांगायचं नाही का रे?"

"सांगितलं होतं ना," मी म्हटलं. "म्हणूनच मारलंत."